स्कूटरपेक्षा महाग फोन: हे इंग्रजीत नेमकं कसं लिहायचं?

वडगावची_आई:

नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, सेमी इंग्लिशला, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून. दिवाळीनंतर आम्ही धायरीच्या वन बीएचकेतून इकडे वडगावला टू बीएचकेत आलो आणि नेमका तिला शाळेत 'आमचं नवीन घर' असा निबंध इंग्रजीत लिहायला दिला. वही परत आली तर तीन वाक्यांना लाल गोल. मॅडमनी गोल केलेत पण का ते लिहिलेलं नाही, आणि अख्ख्या वर्गाच्या वह्या तपासताना प्रत्येकीला कारण लिहीत बसायला त्यांना तरी कुठे वेळ असणार. मला घरी समजावून सांगायचंय, पण माझं शिक्षण मराठी मीडियमचं, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, बोलताना मी निभावते पण पोरीने "का?" विचारलं की अडते.

वाक्यं खाली देते, मोबाईलला मराठी कीबोर्ड आहे म्हणून देवनागरीतच टाकते.

"अवर न्यू फ्लॅट इज अ बिगर दॅन द ओल्ड फ्लॅट."

"नाऊ वी लिव्ह इन अ मोअर बिगर दॅन धायरी फ्लॅट."

"माय ब्रदर बॉट अ मोअर एक्स्पेन्सिव्ह फोन दॅन बाबाज स्कूटर."

पहिल्या दोन वाक्यांत काहीतरी खटकतंय एवढं मलाही कळतं, पण तिसरं मला पूर्ण बरोबर वाटतंय. आणि गोष्टही खरीच आहे, मोठा मुलगा नोकरीला लागला आणि पहिल्याच महिन्यात हप्त्यावर फोन घेऊन आला, आणि यांची स्कूटर २०११ ची, विकायला काढली तर त्या फोनच्या निम्मे पैसेसुद्धा येणार नाहीत. मराठीत आपण म्हणतोच की "बाबांच्या स्कूटरपेक्षा महाग फोन घेतला", मग इंग्रजीत यात चुकलं काय? पोरगी दोन दिवस तेच धरून बसलीय. कोणीतरी नीट फोड करून सांगा, प्लीज.

जुने_मास्तर:

ताई, मी ३१ वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे ही तिन्ही वाक्यं वाचून माझ्या वर्गातच बसल्यासारखं झालं. तुमच्या मुलीचं डोकं मराठीत चालतंय आणि ते चांगलंच आहे, फक्त इंग्रजीची बसायची जागा वेगळी आहे ती तिला दाखवायला लागेल.

पहिल्या वाक्यात तो "अ" काढून टाका, वाक्य बरोबर. "अ" आला की त्याच्यामागे नाम यायलाच पाहिजे, एक म्हटलं की लगेच "एक काय?" असा प्रश्न येतो ना, तसं. "अवर न्यू फ्लॅट इज बिगर दॅन द ओल्ड वन" हे एक वाक्य, यात नाम नाही म्हणून "अ" नाही. "अवर न्यू फ्लॅट इज अ बिगर फ्लॅट दॅन द ओल्ड वन" हे दुसरं, यात फ्लॅट आला म्हणून "अ" आला. दोन्ही चालतात, पण मुलीने अर्धं याचं आणि अर्धं त्याचं घेतलंय.

दुसऱ्या वाक्यात खरी गंमत आहे. मराठीत आपण आधी पेक्षा लावतो, मग विशेषण, मग नाम: "धायरीपेक्षा मोठा फ्लॅट". मुलीने हाच क्रम मनात धरून शब्द उतरवलेत. इंग्रजीत नाम मधोमध बसतं, "बिगर" त्याच्या अलीकडे आणि "दॅन" पलीकडे. मी वर्गात जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर एकेक शब्द मोठ्या अक्षरात लिहून पोरांच्या हातात द्यायचो आणि त्यांनाच ओळीत उभं करायचो. एकाकडे "पानशेत", एकाकडे "इज", एकाकडे "अ", एकाकडे "बिगर", एकाकडे "डॅम", एकाकडे "दॅन" आणि शेवटी "खडकवासला". दर वर्षी "दॅन" वाला पोरगा धावत जाऊन "बिगर" ला चिकटून उभा राहायचा आणि "डॅम" वालं पोर पत्रिका छातीशी धरून तसंच बाजूला राहायचं, जागाच नाही त्याला. मग मी त्याला म्हणायचो, घुस मध्ये. ते दोघांच्या मध्ये शिरलं की वाक्य मोठ्याने वाचायचं: "पानशेत इज अ बिगर डॅम दॅन खडकवासला." धरणं मुद्दाम घेतली होती कारण खडकवासला १.९७ टीएमसी आणि पानशेत १०.६५ टीएमसी हे पावसाळ्यात पेपरात वाचून पोरांना पाठ असायचं, अर्थ समजावत बसावं लागायचं नाही.

"दॅन" धावत का जातो त्यालाही कारण आहे. परीक्षेत आपण "चेंज द डिग्री" घोटून घेतो आणि त्यात बहुतेक वेळा "इज टॉलर दॅन", "इज बिगर दॅन" असंच येतं, म्हणून पोरांच्या तोंडात "बिगर दॅन" हा एकच शब्द असल्यासारखा बसतो. नामाच्या आधी कम्पॅरेटिव्ह (म्हणजे बिगर, टॉलर असं तुलनेचं रूप) वापरून लिहायचा सराव आम्ही शिक्षकच कमी देतो, हे मी मान्य करतो.

"मोअर बिगर" पण मराठीतूनच आलंय, आपण "जास्त मोठं" म्हणतो ना. इंग्रजीत बिगर मध्येच जास्तपणा आलेला असतो, परत मोअर लावायचं नाही. जोर द्यायचा असेल तर "मच बिगर", "अ लॉट बिगर", "फार बिगर" (हा फार इंग्रजीतला, आपला मराठी नव्हे). "व्हेरी बिगर" मात्र नाही, व्हेरी हे नुसत्या बिग ला. म्हणजे वाक्य झालं: "नाऊ वी लिव्ह इन अ मच बिगर फ्लॅट दॅन बिफोर."

आणि "अ" की "ॲन" हे नामावरून ठरत नाही, "अ" च्या लगेच पुढे जो शब्द ऐकू येतो त्यावरून ठरतं. "अ हाऊस" पण "ॲन ओल्डर हाऊस". "ॲन ऑनेस्ट मॅन" पण "अ मोअर ऑनेस्ट मॅन", कारण मध्ये मोअर आला. यात मार्क फार जातात.

तिसऱ्या वाक्याबद्दल खरं सांगायचं तर शब्दांचा क्रम मला बरोबर दिसतोय. कानाला खटकतंय, पण का खटकतंय ते मला नियमात बसवून सांगता येत नाहीये. कोणाला जमत असेल तर सांगा, मलाही हवंय.

भाषांतर_रोज:

सर, तुमचं लग्नपत्रिकांचं वाचून मस्त वाटलं. तिसऱ्या वाक्याचं मी सांगते, मी दहा वर्षं मराठी-इंग्रजी अनुवाद करते आणि ही अडचण मला आठवड्यातून एकदा तरी भेटते.

तुमच्या मुलीच्या वाक्याचा क्रम बरोबर आहे पण अर्थ वेगळाच निघतोय. इंग्रजीत कम्पॅरेटिव्ह नामाच्या आधी बसवला आणि मागून "दॅन" आणला की ऐकणारा असं धरून चालतो की "दॅन" नंतरची गोष्टसुद्धा त्याच जातीची आहे. "शी इज अ बेटर कुक दॅन माय ब्रदर" म्हटलं की भाऊही स्वयंपाक करतो हे त्यात आलंच. सरांचं धरणाचं वाक्य घ्या, खडकवासला पण धरणच आहे म्हणून ते गुळगुळीत जातं. आता "अ मोअर एक्स्पेन्सिव्ह फोन दॅन बाबाज स्कूटर" म्हटलं की स्कूटर फोनच्या रांगेत जाऊन बसते, जणू बाबांची स्कूटर हा एक फोन आहे आणि हा त्याहून महागातला. तोच खटका सरांना ऐकू येतोय.

उपाय सोपा आहे, नाम आधी घ्या आणि विशेषण त्याच्या मागे न्या: "माय ब्रदर बॉट अ फोन मोअर एक्स्पेन्सिव्ह दॅन बाबाज स्कूटर." आता फोन हा फोन आणि स्कूटर ही स्कूटर, तुलना फक्त किमतीची. नाहीतर सरळ "अ फोन दॅट कॉस्ट मोअर दॅन बाबाज स्कूटर", आठवीच्या मुलीला हेच जास्त सोपं जाईल असं मला वाटतं.

मराठीत हा प्रश्न येतच नाही कारण आपला "पेक्षा" थेट स्कूटरला चिकटतो आणि ती सगळी गाठोडीच विशेषणाआधी येते, मग पुढे फोन येवो नाहीतर फ्रीज येवो. म्हणून आपल्या कानाला तुमच्या मुलीचं वाक्य सरळ वाटतं. तिला एक तपासणी शिकवा. "दॅन" नंतर जे आहे त्याला ते मधलं नाम लावून बघायचं. खडकवासला डॅम आहे का? आहे, मग चाललं. स्कूटर फोन आहे का? नाही, मग नाम पुढे काढायचं.

ही तपासणी दुसऱ्या वाक्यालाही लावून बघा. मुलीच्या मनात "अ बिगर फ्लॅट दॅन धायरी" होतं. धायरी फ्लॅट आहे का? नाही, धायरी गाव आहे. म्हणून "दॅन द वन इन धायरी" किंवा सरांचं "दॅन बिफोर". हा "द वन" फार कामाचा शब्द आहे, तेच नाम परत लिहायला लागत नाही.

अजून एक सांगते कारण यात मी स्वतः पोळलेय. एका शाळेची जाहिरात मराठीतून इंग्रजीत करायची होती (नाव नको), मराठीत होतं "आणखी अनुभवी शिक्षक हवेत". मी लिहिलं "वी नीड मोअर एक्सपीरियन्स्ड टीचर्स". जाहिरात लागली आणि दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांचा मला फोन, की स्टाफरूममध्ये सगळे नाराज आहेत, त्यांनी वाचलं की शाळेला आत्ता आहेत त्यांच्यापेक्षा जास्त अनुभवी माणसं हवीत, म्हणजे आम्ही कमी पडतो असं शाळा म्हणतेय. शाळेला फक्त संख्या वाढवायची होती, दोन नवीन तुकड्या सुरू होत होत्या. मला रात्रभर झोप नव्हती. तिथे २० वर्षं शिकवणारी माणसं होती आणि माझ्या एका शब्दाने ती दुखावली गेली.

चूक अशी की अनेकवचनात "मोअर" दोन्हीकडे बसतो, "मोअर टीचर्स" असाही आणि "मोअर एक्सपीरियन्स्ड" असाही. आपल्या "आणखी अनुभवी शिक्षक" मध्येही तीच गोम आहे, बोलताना आवाजाने कळतं, कागदावर कळत नाही. एकवचनात ही भानगड नाही, "अ मोअर एक्सपीरियन्स्ड टीचर" म्हटलं की एकच अर्थ. आणि छोट्या शब्दांनाही ती नाही, "मोअर बिग फ्लॅट्स" म्हणजे आणखी मोठे फ्लॅट आणि "बिगर फ्लॅट्स" म्हणजे जास्त मोठे, दोन्ही वेगळे दिसतात. घोळ होतो तो मोअर घेणाऱ्या लांब विशेषणांत. तेव्हापासून संख्या सांगायची असेल तर मी "ॲडिशनल" लिहिते नाहीतर आकडाच टाकते.

बिबवेवाडीकर:

वरचं सगळं वाचलं, भारी आहे. माझी एक शंका. तुम्ही म्हणताय नामाआधी कम्पॅरेटिव्ह आला की मागे दॅन येतो, मग "हायर सेकंडरी" मध्ये दॅन कुठे गेला? "ज्युनियर कॉलेज"? आमच्या इकडच्या बसवर तर नुसतं "अप्पर" लिहिलेलं असतं, अप्पर इंदिरानगर, आणि शेजारी सुपर. रोज त्याच बसने जातो म्हणून डोक्यात आलं. आणि दुसरं, मी ऑफिसात सारखं "ही इज एल्डर दॅन मी" म्हणतो, परवा एकाने टोकलं, ते चूक कसं? "माय एल्डर ब्रदर" तर सगळेच म्हणतात. आणि बेटर हा आपल्या बेहतर वरूनच आलाय ना?

संस्कृत_पेठ:

दादा, तुमचे प्रश्न चांगले आहेत, शेवटून सुरू करते. बेटर आणि बेहतर यांचा एकमेकांशी संबंध नाही, सारखे ऐकू येतात तो निव्वळ योगायोग. बेहतर फारसीतला, बेह म्हणजे चांगला आणि त्याला "तर" लागला. हा "तर" आणि संस्कृतातला उच्चतर, लघुतर मधला "तर" मात्र सख्खे भाऊ. इंग्रजी बिगर, टॉलर मधल्या शेपटाचं नातं संस्कृतच्या दुसऱ्या प्रत्ययाशी आहे, "ईयस्" शी. "स्वर्गादपि गरीयसी" आपण सगळ्यांनी शाळेत म्हटलंय, त्यातलं गरीयसी म्हणजे गुरु या विशेषणाचं कम्पॅरेटिव्हच, अधिक थोर. आणि "स्वर्गात्" ही पंचमी, म्हणजे तिथे वेगळा दॅन लागतच नाही, विभक्तीच ते काम करते. मराठीत पंचमीचे प्रत्यय ऊन, हून, आणि आपण अजूनही "त्याहून मोठा" म्हणतो, ती हीच सवय. म्हणून आपल्याला दॅन हा सुटा शब्द कुठे ठेवायचा ते आतून कळत नाही, शिकावं लागतं.

हायर सेकंडरीचं असं की तिथे कोणाशी तरी तुलना करायची नसून दोन गटांना नावं द्यायची असतात, खालचा टप्पा आणि वरचा टप्पा. हायर एज्युकेशन, लोअर परळ, ज्युनियर कॉलेज सगळी त्यातलीच. तिथे दॅन लावायचा नाही आणि मच पण लावायचा नाही, "अ मच ज्युनियर कॉलेज" कोणी म्हणणार नाही. तुमचा अप्पर हा शब्द मुळात अप चं कम्पॅरेटिव्ह रूप, पण आता तो फक्त नामाआधीच राहतो, "धिस इज अप्पर दॅन दॅट" असं होत नाही.

एल्डर चं तसंच. एल्डर घरातल्या नात्यांपुरता आणि नामाच्या आधी: "माय एल्डर ब्रदर", "हर एल्डर डॉटर". दॅन हवा असेल तर ओल्डर: "ही इज ओल्डर दॅन मी". आणि सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे लॅटिनमधले कम्पॅरेटिव्ह, ते दॅन घेत नाहीत, टू घेतात: "शी इज सीनियर टू मी". ऑफिसात "सीनियर दॅन मी" फार ऐकू येतं, ते पण सोडा.

बिबवेवाडीकर:

ताई, खूप आभार. एल्डर दॅन आजपासून बंद. अप्पर कम्पॅरेटिव्ह आहे हे उद्या बसमध्ये सांगतोच कोणाला तरी.

जुने_मास्तर:

भाषांतर_रोज, ३१ वर्षांत मला हे कोणी असं सांगितलं नव्हतं आणि मी कधी मुलांना सांगितलं नाही. मी फोनच्या वाक्याला क्रम बरोबर म्हणून पूर्ण मार्क दिले असते. मॅडमनी गोल केला म्हणजे त्यांचा कान पक्का आहे, ताई, मुलीला सांगा की जाऊन त्यांना विचार, त्यांना आनंदच होईल.

त्यावरून अजून एक आठवलं. आकडा सांगून तुलना करायची असेल तेव्हाही विशेषण नामाआधी नीट बसत नाही. तोरणा १४०३ मीटर आणि सिंहगड १३१२, फरक ९१ मीटरचा. मराठीत "९१ मीटरने उंच किल्ला" सहज म्हणतो, पण "अ नाइंटी वन मीटर्स हायर फोर्ट" हे इंग्रजीत अडखळतं. "तोरणा इज नाइंटी वन मीटर्स हायर दॅन सिंहगड" असं लिहायचं. नुसतं "अ हायर फोर्ट दॅन सिंहगड" हेही छान, फक्त आकडा आत कोंबायचा नाही.

आणि दोघांतलाच एक निवडायचा असेल तर "अ" न घेता "द" घ्यायचा: "द टॉलर ऑफ द टू". वर्गात एकाच बाकावर दोन पोरं असायची, त्यांना उभं करून हे शिकवायचो, कारण दोनच म्हटल्यावर कोणता ते ठरलेलंच असतं. मुलीला हे पण सांगा, पुढच्या वर्षी लागेल.

वडगावची_आई:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी बसलो दोघी. घरात लग्नपत्रिका होत्याच, त्यांच्या मागे शब्द लिहिले आणि सोफ्यावर मांडले. तिने पहिल्यांदा "दॅन" उचलून "बिगर" च्या शेजारीच ठेवला, अगदी सर म्हणाले तसंच! मग स्वतःच थांबली, "फ्लॅट" उचलला आणि मध्ये सरकवला.

फोनच्या वाक्याला तपासणी लावली तेव्हा मोठ्याने म्हणाली "बाबांची स्कूटर फोन आहे का? नाहीये!" आणि हॉलमधून हे म्हणाले, "ती अजून बरोबर चालते हं." मग तिने लिहिलं, "माय ब्रदर बॉट अ फोन दॅट कॉस्ट मोअर दॅन बाबाज स्कूटर." मी विचारलं दुसरं का नाही घेतलं, तर म्हणाली हे मला आतून आलं, ते पाठ करावं लागलं असतं.

शेवटी सरांचं "ऑफ द टू" करायला मी तिला म्हटलं तूच एखादं वाक्य बनव, तर तिने धरणंच घेतली, वरसगाव १२.८२ टीएमसी आहे म्हणे, भूगोलाच्या प्रोजेक्टला लिहिलं होतं. वाक्य असं: "पानशेत अँड वरसगाव आर बोथ बिग डॅम्स, बट वरसगाव इज अ बिगर ऑफ द टू." सर, यात "अ" बरोबर आहे का? मला "द" हवा असं वाटतंय पण तिला तुमच्याकडूनच ऐकायचंय.

जुने_मास्तर:

"द" हवा, ताई, तुमचं बरोबर आहे. तिला म्हणावं बाकीचं अख्खं वाक्य जसंच्या तसं ठेव.